एकाच बाजूचा आवाज

दुरुस्तीच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी पिशवीतून राउटर आणि इंटरनेटवर चालणारा फोन काढून काउंटरवर ठेवला.

"काय होतंय, काका?" दुकानदाराने विचारलं.

"घंटी वाजते. पलीकडचं सगळं ऐकू येतं. माझं त्यांना ऐकू जातं का, तेवढं सांगा."

"राउटर नवीन दिसतोय."

"पंधरवडा झाला."

"मग त्याचीच सेटिंग चुकलीय. येणारा आवाज आत घेतो, तुमचा बाहेर सोडत नाही."

"अजिबात नाही?"

"एक अक्षरही नाही. पाच मिनिटांत करून देतो."

"रविवारी धाकट्या बहिणीचा फोन आला होता. नऊ वर्षांनी. 'दादा, अजून राग आहे का रे?' म्हणाली. मी म्हटलं, नाही गं, चूक माझीच होती. ती आपली 'बोल ना रे, बोल ना' करत राहिली. मग ठेवलाच तिने."

"परत लावायचा ना, काका."

"लावला. उचलला नाही. बुधवारी ती गेली."

"…सेटिंग करू ना?"

"करा. भाचा रोज फोन करून विचारतो, मामा, आईशी एक शब्दही का बोलला नाहीत? आणि मी रोज त्याला सांगतोय."