टाकीचं विरजण

कोल्हापूरच्या स्टँडवर वडगाव गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या बाईंच्या मांडीवर पाण्याच्या पिशवीत दोन सोनेरी मासे. पलीकडच्या म्हाताऱ्यानं विचारलं,

“टाकी नवीन हाय व्हय?”

“महिना झाला, मामा. आमच्या मालकांना ॲटॅक येऊन गेला. डॉक्टर म्हणलं, मासं बघत बसू दे, जिवाला बरं वाटंल. तर सहा मासं मेलं. मासा मेला की मालक जेवतच न्हाईत.”

“पाणी घाण राहत असंल.”

“घाण? रोज सगळं बदलते की! खडंसुद्धा घासते.”

“मग दुकानदार काय म्हणला?”

“म्हणला, माशाची घाण खाणारं बारीक जीव टाकीत वाढायला लागत्यात. तुमी रोज त्येंनाच धुऊन टाकताय. थोडं थोडंच पाणी बदला.”

“म्हंजे दह्याच्या विरजणागत.”

“तसंच. त्येच्या जुन्या टाकीतला स्पंज दिलाय, विरजण म्हणून.”

“बघू त्यो स्पंज.”

“ह्यो काय. लई बुळबुळीत होता ओ. आजारी माणसाच्या खोलीत असली घाण कशी न्यायची? आत्ताच नळाखाली साबण लावून धुतला.”