अण्णांच्या नावाचं बाकडं

आमच्या पेठेतल्या बाकड्याची गंमत तुम्हांला सांगायचीच राहिली. दिल्लीहून शिकून मी नुकताच कोल्हापुरात परतलो होतो आणि गाव बदलल्याशिवाय राहायचं नाही, असा पण केला होता. मंगळवार पेठेतल्या नळाजवळ कचऱ्याचा ढीग असायचा. तालीम मंडळाच्या मागं लागून तो कोपरा मी साफ करून घेतला. पैलवान दत्तूअण्णा नुकतेच वारले होते. त्यांच्या पत्नी ताराआक्कांनी त्यांच्या स्मरणार्थ तिथं सिमेंटचं बाकडं दिलं. बाकड्याला पाठ नव्हती, म्हणून मंडळानं अण्णांचं नाव बसायच्या जागेवरच कोरून घेतलं.

आठवडा झाला तरी त्यावर कुणी बसेना. म्हाताऱ्या बायका पाण्याची वाट बघत शेजारी जमिनीवर बसायच्या.

"अहो, तुमच्यासाठीच आहे ते!" मी कळवळून म्हणालो.

"व्हय पावणं, आन् अण्णांच्या नावावर बूड टेकायचं?" रखमाबाई फणकारल्या.

मंडळाचे अध्यक्ष वैतागले. "उद्या काढतो बाकडं. आन् आता दुसरा कोपरा साफ करायचं नाव काढायचं न्हाय!"

मी त्यांची समजूत घालू लागलो. तेवढ्यात ताराआक्का घागर घेऊन आल्या, नळावरची गर्दी बघितली आणि सरळ त्या नावावर ऐसपैस बसल्या.

"ये गं रखमा, बस हितं," त्यांनी शेजारी हात थोपटला.

"आक्का, अण्णा काय म्हणतील?" अध्यक्ष पुटपुटले.

"म्हणू देत की. जल्मभर त्यांच्या म्होरं उभीच ऱ्हायलो. आता गुडघं दुखत्यात."