पहिलं बरं की दुसरं बरं

…आणि वर बायको मलाच विचारते, "ऐकू आलं का?" अहो, काकडी! काकडी कधी ऐकू येते का? इतके जण बसलाय इथे, तुमच्यापैकी एकाशी तरी कधी काकडी बोललीय? खाल्ली की संपली, एवढाच तिचा-माझा संबंध! पण नाही… आमच्याकडे हल्ली जेवण जेवत नाहीत, आमच्याकडे जेवण अनुभवतात! तुम्हाला सांगतो, मी अजून सावरलेलो नाहीये, आणि हे सगळं रामायण कशावरून? एका शब्दावरून. बरं म्हणालो मी. फक्त बरं! आता तुम्हीच सांगा, बरं म्हणजे वाईट थोडंच असतं?

बरं, ते जाऊ द्या… बघा, बघा, पुन्हा आला तोंडात! त्याला माझा इलाज नाही हो, माझा धंदाच तसा आहे. चष्म्याचं दुकान आहे माझं. दिवसभर काय करायचं, तर गिऱ्हाईक खुर्चीवर बसवायचं, त्याच्या नाकावर ती जड गोल चौकट चढवायची, तिच्यात एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि विचारायचं, "पहिलं बरं की दुसरं बरं?" "आत्ताचं बरं की मघाचं बरं?" दुकान उघडल्यापासून शटर ओढेपर्यंत बरं, बरं आणि बरं! आमच्याकडे बरं म्हणजे शेवटचा शब्द. गिऱ्हाईक बरं म्हणालं की नंबर ठरला, माणसाला समोरची पाटी वाचता आली, मी कृतार्थ! आणि तोच शब्द, इतका मौल्यवान शब्द, घरी येऊन बायकोला फुकट दिला, तर तिनं असं बघितलं… जसा काही मी पातेल्यात शिंकलोय!

झालं काय, त्या दिवशी सुट्टी होती. हिनं सकाळपासून ओट्याशी काहीतरी मांडलं होतं. काय ते मला माहीत नाही, कारण टीव्हीवर मॅच होती आणि ती अशा ठिकाणी आली होती की ज्याला काळीज आहे त्यानं उठूच नये. वाटी पुढ्यात आली, चमचा तोंडात जात होता, वाटी रिकामी झाली, पावानं पुसूनसुद्धा घेतली मी. म्हणजे आवडलं असणारच ना? पुरावा आहे!

ही म्हणाली, "कसं झालंय?"

मी म्हणालो, "बरंय."

टीव्ही बंद. अहो, शेवटची ओव्हर! आणि टीव्ही बंद!

"काय होतं ते?" ही हळू आवाजात म्हणाली. आमची ही ओरडली की घाबरायचं कारण नसतं. आवाज खाली गेला की मात्र समजायचं, आता आपली धडगत नाही.

"सूप," मी म्हणालो.

"कशाचं?"

आता आली का पंचाईत! वाटी पुसलेली, चमचा चाटलेला, कुठे म्हणून थेंब नाही. मी मुलीकडे बघितलं. ती कॉलेजात जाते, हुशार आहे, बापाला एवढी खूण करायला काय झालं होतं? तिनं तोंडावर उशी घेतली.

"गरम," मी म्हणालो. "गरम सूप होतं."

"भोपळ्याचं होतं," ही म्हणाली. "आधी ओव्हनमध्ये भाजला, मग सोलला, मग वाटला, मग गाळला. इतकी वर्षं झाली लग्नाला… तुम्ही कधी जेवलात तरी का हो? की नुसतं भरलंत?"

भरलंत! मी काय पिंप आहे? पण मला सांगा, बरं म्हणजे वाईट थोडंच असतं?

त्यात तेल ओतायला आमची मेहुणी! तिनं कसलासा वर्ग केलाय, डोळे मिटून मनुका खायला शिकवतात त्यात. हिनं फोन स्पीकरवर टाकला, आणि तिकडून ती मधात घोळवलेल्या आवाजात म्हणते कशी, "ताईऽऽ, भावोजींचा दोष नाहीये गं… त्यांची इंद्रियं झोपलीयत!" स्पीकरवर! मुलीसमोर! खालच्या मजल्यावरचा शिंपी दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटला तेव्हा गालातल्या गालात हसत होता, तो कशाला हसत होता? खिडकी उघडी होती ना!

आणि मग तो शनिवार उजाडला. दुकान बंद करून दमूनभागून घरी येतो, दार उघडतो, तर आत अंधार! एका कोपऱ्यात मेणबत्ती. टीव्हीवर पांढरी चादर, पायापर्यंत! मी म्हणालो, "कोण गेलं?"

"कोणी गेलेलं नाही," आतून हिचा आवाज. "मोजे काढा, फोन खणात ठेवा आणि बसा. आज मी वाढीन ते नीट चाखायचं आणि त्याबद्दल खरं बोलायचं. जमलं तर ठीक. नाही जमलं, तर उद्यापासून ओटा तुमचा, डाव तुमचा. मी आयती जेवायला बसणार."

मी हसलो. मुलगी म्हणाली, "बाबा, आई गंमत करत नाहीये." मग मी आधी मोजे काढले. अहो, मला गॅस पेटवता येतो, पण बंद कधी करायचा, ते आजतागायत कळलेलं नाही! आणि ही म्हणजे बोलली की करणारच. एकदा म्हणाली होती, "पुन्हा ओला टॉवेल पलंगावर टाकलात तर खिडकीबाहेर टाकीन." शिंप्यानं आणून दिला वर.

मग डोळ्यांवर पट्टी. माझाच मफलर! सगळ्या गावाला दिसावं म्हणून मी हयात घालवली, आणि माझ्या डोळ्यांना माझ्याच घरात मफलर! पाय कुठेतरी मऊ मऊ गोष्टीवर ठेवायला लावले, ती म्हणे उशी, "जेवणाला स्पर्श असतो." डाव्या हाताखाली एक वाटी सरकवली, तिच्यात अक्रोडाची टरफलं, "चाचपत राहा." कशाला? "विचारू नका, चाचपा." मुलीनं फोनवर समुद्राच्या लाटांचा आवाज लावला, आता भरल्या घरात कोणी माझ्यासारख्या वयाच्या माणसाला लाटा ऐकवतं का हो? मला दोनदा उठून जावं लागलं, तेही मफलरसकट, भिंती चाचपत! लाटा बंद झाल्या तेव्हा कुठे जिवात जीव आला.

मग नाकाशी काहीतरी धरलं. संत्र्याची साल असावी. "काय जाणवतंय?" मी अगदी मनापासून, खरं बोलायचं म्हणून, म्हणालो, "वास येतोय."

"वास येतोय?" ही कडाडली. "वास मोरीला येतो! जेवणाचा वास सुटतो!"

आता नाक एक, साल एक, येणं काय आणि सुटणं काय! पण मी मुकाट्यानं म्हणालो, "सुटलाय." मग पावाचा कडक तुकडा कानाशी धरून मोडला, मग ती काकडी… "ऐकू आलं का?" आलं म्हणालो. काय म्हणाली काकडी, ते विचारलं नाही, हे नशीब.

आणि मग… थांबा, हे जरा नीट सांगतो. मग जेवण सुरू झालं. टीव्ही नाही, फोन नाही, डोळे नाहीत. नुसते चमचे. माझा एक, मुलीचा एक, समोरून हिचा एक, टिंग, टिंग, टिंग. नवीन पदार्थ वाढला, भात होता, मी पहिला चमचा तोंडात घातला… आणि समोरचा चमचा थांबला. मी चावलं. थांबलेलाच. मी गिळलं, "हं" म्हणालो, की पुन्हा टिंग. म्हटलं, योगायोग असेल. भाजी आली. मी घास घेतला. पुन्हा समोर सगळं शांत! श्वाससुद्धा थांबलेला! मी "हं" म्हणालो, की टिंग.

मला एकदम धक्काच बसला हो. म्हणजे ही बाई रोज थांबते? इतकी वर्षं, रोज, दोन्ही वेळा, माझा पहिला घास होईपर्यंत हिचा हात हवेत? आणि मी तिकडे मान वळवून मॅच बघतोय? लोकांचे डोळे तपासणारा माणूस मी, समोर बसलेलं माणूस मला दिसलं नाही, ते डोळ्यांवर मफलर बांधल्यावर दिसलं! मी मनात ठरवलं, बस्स. आज हिचं असं कौतुक करायचं, असं करायचं, की इतक्या वर्षांचा हिशेब फिटला पाहिजे!

आणि तिथेच मेलो मी.

कारण शेवटी सूप आलं. ही म्हणाली, "आता दोन चमचे देते. आधी एक, मग एक." पहिला दिला. मग पाणी प्यायला लावलं. मग दुसरा दिला. आणि अगदी माझ्याच आवाजात, दुकानातल्या आवाजात, म्हणाली, "पहिलं बरं की दुसरं बरं?"

मी लगेच ओळखलं! म्हटलं, डाव असा आहे काय! एक असणार हॉटेलातून मागवलेलं आणि एक असणार हिच्या हातचं, आणि कुठलीही शहाणी बाई स्वतःचं शेवटीच देणार! मग काय, सोडला मी घोडा. "पहिलं? छे, छे, छे! पहिलं म्हणजे सूप नाहीच, भोपळ्यानं आंघोळ केलेलं पाणी! करणाऱ्याला ना चव ना जीव, नुसतं उकळलंय, कोणीतरी भाडोत्री माणसानं! आणि दुसरं… आहाहा! काय तो भाजलेला भोपळा, काय ती गोडी, अगं, वास काय सुटलाय! त्यात माया आहे, माया! कुठे ते आणि कुठे हे!"

धप्प असा आवाज आला. मुलगी खुर्चीवरून खाली पडली होती, हसून.

मी मफलर वर सरकवला. समोर एकच पातेलं. एकच डाव. एकच वाटी.

मंडळी, ही युक्ती माझी आहे. माझी! गिऱ्हाईक खरं बोलतंय की उगाच मला बरं वाटावं म्हणून बोलतंय, हे बघायला मी तीच काच काढतो, पुसतो आणि तीच पुन्हा घालतो. "पहिलं बरं की दुसरं बरं?" आणि लोक छातीठोक सांगतात, "दुसरं! दुसरं एकदम स्वच्छ!" मीच घरी येऊन हे रंगवून सांगायचो, पोट धरधरून हसायचो. ही ऐकत होती. माझं सगळं ही ऐकत होती!

"भाडोत्री," ही म्हणाली. हळू आवाजात. आणि डाव माझ्या हातात दिला.

तर आता ओटा माझ्याकडे आहे. गॅस बंद कधी करायचा ते दोन पातेली करपल्यावर थोडं थोडं कळायला लागलंय. काल मी भोपळा आणला. अहो, भोपळा कापणं म्हणजे काय, कधी केलंय? सुरी आत जाते ती बाहेर येत नाही, हे लक्षात ठेवा! भाजला, बोट भाजलं, सोलला, वाटला, गाळला, ओट्यावर सगळीकडे पिवळं, कपाळावर पिवळं, दुकान दुपारनंतर उघडलंच नाही. संध्याकाळी वाढलं. टीव्हीवरची चादर केव्हाच निघालीय, हिची मालिका लागली होती. हिनं वाटी घेतली. चमचा भरला. तोंडात घातला.

आणि माझा चमचा… हवेत. हाताला कोणी सांगितलं नव्हतं हो, आपोआप थांबला. मी तिच्या भुवईकडे बघतोय, गालाकडे बघतोय, श्वास रोखून बघतोय… शेवटी राहवेना, म्हणालो, "कसं झालंय?"

हिनं टीव्हीवरची नजर काढली नाही. म्हणाली, "बरंय."

काय सांगू तुम्हाला… इतकं वाईट मला आजवर कोणी बोललं नव्हतं!