पणजोबांच्या गणिताची पेटी

पणजोबांचे नाव निघालेच आहे, तर हे ऐका. ते गणिती होते. ग्रहणाची वेळ स्वतः मांडत. एकोणीसशे नव्वदच्या सुमारास त्यांचे चरित्र लिहावे म्हणून ते जिथे शिकवत त्या जुन्या शाळांची दप्तरे मी धुंडाळली. हाती आली केवळ नेमणुकीची नोंद. मग कळले, की त्यांच्या हस्तलिखितांची पेटी गिरगाव सोडून भाईंदरला गेलेल्या चुलतवहिनींकडे आहे. मी तडक त्यांचे घर गाठले.

"उशीर केलात, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "वाळवी लागली होती. अनंत चतुर्दशीला गणपतीबरोबर खाडीत विसर्जन केलं."

"अहो, रद्दीवाल्याला दिली असतीत, तर निदान शोधत गेलो असतो!"

त्यांनी कानांना हात लावले. "प्रत्येक पानाच्या माथ्यावर 'श्रीराम' लिहिलेलं! त्यात भेळ बांधू द्यायची? तुम्ही दिली असतीत?"

मीही आयुष्यभर नामस्मरण केलेला. "नसती दिली," एवढेच म्हणालो. मग धीर करून विचारले, "त्यात होते तरी काय?"

"नुसते आकडे हो, मला काय कळणार? पण अक्षर मात्र मोत्यासारखं!"

चरित्र एका पानाचे झाले. त्यांच्या गणिताविषयी त्यात एवढेच आहे, की अक्षर सुंदर होते.