मागच्या सीटचं माप

...आणि वर मलाच म्हणतात, जावईबापू, घट्ट धरा! अहो, धरू काय? बावन्न वर्षांची मोटारसायकल, चालवणारे सासरेबुवा चौऱ्याहत्तर वर्षांचे, आणि मागे कोण? मी!

तुम्हाला सांगतो, पूर्वी एक बरं होतं. काटा साठच्या पुढे गेला की गाडी वळवळायची... पुढचं चाक एकीकडे, मागचं दुसरीकडे, मधे माझा जीव! मग सासरेबुवा मुकाट्याने चाळीसवर यायचे. पण माणसाला सुखात राहवतं का? त्यांनी वेल्डरला गाठलं. त्याने मान वाकडी करून गाडी खालून पाहिली. म्हणाला, इंजिन दणकट आहे काका, पण सांगाडा लेचापेचा झालाय, जोडांवर पट्ट्या मारू, सीटखाली आडवा पाइप टाकू, मग बघा कशी वळते. बघा म्हणजे कोणी? मीच ना!

तरी एवढ्यावर भागलं असतं. पण सासरेबुवांनी उभी हयात शिवणकामात घालवली. म्हणाले, माप घ्यायचं ते अंगावर, रिकाम्या गाडीला पट्ट्या कशा बसतील? माणसं बसवून मारा. वेल्डर नको नको म्हणत होता, पण त्याची पहिली पँट यांनीच शिवलेली, बोलतो काय! टाकी उतरवली, बॅटरी काढली, पुढे सासरेबुवा बसले... आणि मागे कोण? मी!

माझ्या उजव्या मांडीपासून वीतभरावर ठिणग्या, हो! चर्र... चर्र... डोळे मिटले, देव आठवले, विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत तेही आठवलं, आणि सगळं अंग डावीकडे. सासरेबुवा म्हणतात, हलू नका. हलतोय कुठे? गोठलो होतो मी! तासभर तसाच कललेला. आणि त्याच कलात पट्ट्या थंड झाल्या.

दुसऱ्या दिवशी सासरेबुवा एकटेच चक्कर मारायला गेले, ते कोपर सोलून आले. गाडी उजवीकडे ओढते म्हणे. खोटं कशाला बोलू, मला मनातून बरं वाटलं. वेल्डरने दोरी लावून मोजलं, डोकं खाजवलं आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्ही बसा बरं मागे. त्या दिवशी बसला होतात तसे."

बसलो. भीतीने आपोआपच डावीकडे कललो. आणि गाडी... ऐंशी! नव्वद! अगदी सरळ! सासरेबुवा पुढे गाणं म्हणतायत, मी मागे रडतोय.

आता रोज सकाळी दारात हॉर्न वाजतो. बायको म्हणते, "जा की हो. तुम्ही नसलात तर बाबा पडतील." तिचे डोळे भरून येतात, मग काय करणार? जातो.

वेल्डरला हात जोडले, कापून नव्याने मार बाबा. तो म्हणतो, एवढा जुना सांगाडा, कापला की गेलाच. त्यापेक्षा तुम्ही घाबरणं सोडा.

सोडलं! परवा मन घट्ट केलं, डोळे उघडले, ताठ बसलो... गाडी थेट उजवीकडच्या कुंपणात! सासरेबुवा उठले, सदरा झटकला, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि शांतपणे म्हणाले, "जावईबापू, नीट घाबरत जा."