कॉम्प्युटर बिचारा गप्पच होता

अहो, मला घरभेदी म्हणा, चहाडखोर म्हणा, तोंडाला येईल ते म्हणा, पण त्या कॉम्प्युटरला काही म्हणू नका! आमच्या ऑफिसच्या फाटकावर हा एवढा मोठा फलक लागलाय, 'हे कार्यालय परकीय प्रणालीपासून मुक्त आहे', येणारा-जाणारा त्याच्यासमोर उभा राहून फोटो काढतो, आणि मी रोज सकाळी मान खाली घालून त्याच्याखालून आत शिरतो, चोरासारखा. चोरासारखा काय, चोरच. तुम्हाला सांगतो, ऐका.

मी आस्थापना शाखेत हेडक्लार्क. आस्थापना म्हणजे कोण कधी लागला, कोण कधी सुटणार आणि मधल्या काळात कोणाला कुठे फेकायचं, ते ठरवणारी शाखा. वर्षातून एकदा बदल्यांची यादी निघते. ती निघेपर्यंत फक्त तिघांना ठाऊक असते. साहेबांना, कारण ते करतात. मावशींना, कारण त्या टाइप करतात. आणि मला, कारण मी चुका काढतो. मावशी म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या टंकलेखिका, अख्खं ऑफिस त्यांना मावशीच म्हणतं, साहेबसुद्धा. खिडकीपाशी खुर्ची, समोर कॉम्प्युटर, आणि बोटं अशी चालायची की बाई खिडकीबाहेर बघतायत आणि इकडे पान तयार.

तर यंदाच्या यादीत नाव कोणाचं? माझ्या साडूचं! पार टोकाच्या ऑफिसात. मी यादी तपासली, पाकिटात घातली, पाकीट कपाटात, किल्ली साहेबांकडे. सगळं नियमानं. घरी आलो, जेवायला बसलो, आणि बायको म्हणते, ताईकडे पडद्यांचं कापड आणलंय, अकरा खिडक्या, उद्या शिंपी मापं घ्यायला येतोय. आता मला सांगा, माणसानं काय करायचं? अकरा खिडक्यांचं कापड फाडलं जाणार आणि पंधरा दिवसांत त्या घराला कुलूप लागणार! मी एवढंच म्हटलं, "ताईला म्हणावं, शिंप्याला जरा थांबव." बस! यादी म्हटलं नाही, बदली म्हटलं नाही. बायकोनं माझ्याकडे बघितलं, मी वरणाकडे बघितलं, संपलं. बावीस वर्षांचा संसार आहे हो, तिला शब्द लागतात कुठे? पुढच्या पाच मिनिटांत तिनं बाकीचं माझ्याकडून काढून घेतलं, आणि साडूचंच नाही, साडूच्या शाखेतल्या सगळ्यांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाबाहेर तेवीस माणसं. प्रत्येकाच्या हातात डॉक्टरचा दाखला. कोणाची पाठ, कोणाचा रक्तदाब, एकाला तर उंचीची भीती, आणि बदली झाली होती ती तळमजल्याच्या ऑफिसात! साहेब हातात किल्ली घेऊन कपाटाकडे बघतायत. पाकीट जसंच्या तसं. यादी फुटली कशी?

समिती बसली. तीन जणांची. आणि समितीचं टिपण लिहायला कोणाला बसवलं असेल? मला! चोरीच्या तपासाची वही चोराच्या मांडीवर. पहिल्याच दिवशी अध्यक्षांनी विचारलं, यादी कोणाकोणाला माहीत होती? साहेब, मावशी आणि हे, असं म्हणून एका सभासदांनी माझ्याकडे बोट दाखवलं. साहेबांवर संशय घेणं शिस्तीत बसत नाही. मावशींवर घेतला तर ऑफिसनं समितीला पाणी पाजलं नसतं. माझी पाळी आली, मी पेन घट्ट धरलं… तेवढ्यात समितीनं बोलावलेला कॉम्प्युटरचा तज्ज्ञ उठला. बारीक आवाजाचा, चष्मा सारखा वर ढकलणारा. म्हणाला, "चौथ्यालाही माहीत होती, साहेब. कॉम्प्युटरला."

झालं! सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. तज्ज्ञ म्हणाला, ही ऑपरेटिंग सिस्टिम परदेशी आहे. कॉम्प्युटर चालवणारा कारभारीच परका. ती दिवसातून चार वेळा आपल्या मूळ कंपनीकडे काहीतरी पाठवते. अध्यक्ष म्हणाले, काय पाठवते? तो म्हणाला, तेच तर कळत नाही, आणि कळत नाही हाच धोका. आता माणूस खोटं बोलत नव्हता हो. त्याची भीती खरी असेल, कदाचित शंभर टक्के खरी असेल, दुसऱ्याच्या हातात आपल्या घराची किल्ली कशाला, ते मलाही पटतं. पण आमच्या यादीचं म्हणाल तर… कॉम्प्युटर बिचारा गप्पच होता हो! एका सभासदांनी शंका काढली, की परक्या देशाला आमच्या कारकुनांच्या बदल्यांचं काय पडलंय? तर दुसरे गंभीरपणे म्हणाले, शत्रूचं डोकं कसं चालतं ते आपल्याला कळत नसतं. मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, उघडलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी विचारलं, पंखा वाढवू का?

अहवाल माझ्याच हातानं लिहिला. 'गळती परकीय प्रणालीतून झाल्याचा दाट संशय.' 'दाट' शब्द माझा. अध्यक्षांनी नुसताच संशय सांगितला होता. का लिहिला दाट? भीतीनं, दुसरं काय! मुलीचं लग्न ठरत होतं, आणि निलंबित बापाच्या मुलीच्या लग्नाची काय तऱ्हा होते, ते आस्थापना शाखेत बसून मी पुष्कळ पाहिलंय.

वाटलं, एवढ्यावर मिटेल. कसलं मिटतंय! अहवाल वर गेला, तिथून आणखी वर गेला, आणि फर्मान आलं. सगळ्या सरकारी ऑफिसांतून परकी सिस्टिम काढा, आपली देशी बसवा, मुदत पंधरा दिवस. खाली संदर्भ कोणाचा? आमच्या ऑफिसचा! माझ्या वरणभाताचा म्हणा ना!

देशी सिस्टिम वाईट नाही, उगाच कोणाला नावं ठेवू नयेत. पण नवी आहे. सगळी बटणं इकडची तिकडे. पोरंसोरं चार दिवसांत शिकली. मावशींची बोटं मात्र जुन्या वाटेनंच जायची. 'माननीय' लिहायला जावं आणि पान पुसलं जावं. परीक्षा होती, दहा मिनिटांत एक पान. मावशींच्या साडेचार ओळी झाल्या. निवृत्तीला सात महिने राहिलेल्या बाईला खिडकीतली खुर्ची सोडून तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये बसायचा हुकूम निघाला. बावीस पायऱ्या, आणि गुडघे असे की मधल्या वळणावर बसावं लागतं. हुकूम टाइप कोणी केला? आस्थापना शाखेनं. म्हणजे मीच. जुने कॉम्प्युटरही तिथेच खाली नेऊन ठेवले होते, तोंडावर फडकी टाकून. मला सांगा, त्यांनी काय केलं होतं? कॉम्प्युटर बिचारा गप्पच होता!

आणि इकडे फुटलेल्या यादीबरोबर साडूची बदलीही रद्द झाली. अकरा खिडक्यांना पडदे लागले, आम्हाला बघायला बोलावलं. साडू मला मिठी मारून म्हणतो, देव बघतो हो सगळं. मी म्हटलं, तेवढं बोलू नका.

शेवटी गेलो साहेबांकडे. दार लावून घेतलं. म्हटलं, साहेब, यादी मी फोडली, वरणभात खाताना, बायकोजवळ, मावशींना वर आणा. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"समितीच्या अहवालाचा विषय काय होता?"

"परकीय प्रणालीतून झालेली गळती."

"तुम्ही परकीय आहात?"

"नाही, साहेब."

"प्रणाली आहात?"

"नाही."

"मग तुमची गळती विषयाबाहेर." आणि आवाज खाली आणून म्हणाले, वर प्रत्येक बैठकीत आपलं उदाहरण देतात, पुढच्या आठवड्यात माझा सत्कार आहे, आता तुमची बायको आणि वरण मी कुठे घुसडू? जा, काम करा.

काम करा! कसलं काम सुचतंय? उतरलो बावीस पायऱ्या. मावशी जुन्या फायलींना नाड्या बांधत बसलेल्या. एका फडक्याखालचा कॉम्प्युटर त्यांचाच, खिडकीतला. मी उभ्या उभ्या सगळं ओकून टाकलं. लाज वाटत होती, डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही तुमच्यापासून. मावशींनी नाडीची गाठ पूर्ण मारली आणि म्हणाल्या, "मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. तुझ्या बायकोचा फोन आला होता, ताईच्या यजमानांचं नाव खरंच यादीत आहे ना, म्हणून विचारायला. मी म्हटलं, कसली यादी?"

मी गारच पडलो. म्हटलं, मावशी, मग समितीसमोर बोलला का नाहीत?

"मला विचारलं, तुम्ही कोणाला सांगितलंत का. मी म्हटलं, नाही. खरंच होतं ते. आणि तुझ्या पोरीचं लग्न ठरत होतं ना रे." मग त्या फडक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "या ऑफिसात पोटात गोष्ट ठेवणारे दोघंच होतो, मी आणि हा. दोघांनाही खाली धाडलंत."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. वर आलो, खुर्चीत बसलो, मशीन चालू केलं. ही नवी सिस्टिम सुरू होताना सुरक्षेसाठी एक प्रश्न विचारते. पडद्यावर चौकट येते, 'आपण विश्वासू व्यक्ती आहात का?' खाली दोन बटणं, हो आणि नाही. रोज मी न वाचताच दाबायचो. त्या दिवशी वाचलं. आणि दाबलं, नाही. चौकट गेली, परत आली. तोच प्रश्न. परत नाही. परत तोच प्रश्न. पाच वेळा नाही म्हटलं हो, मोजून पाच वेळा! टेबलापुढे माणसं खोळंबलेली, साहेबांची घंटा वाजतेय… शेवटी दाबलं, हो. लगेच उघडलं! काय करता? खरं सांगायला जावं, तर सरकारी काम पुढेच सरकत नाही.