केकवरची पावलं

अगं, आयसिंगला एवढी घाबरतेस, मग हे ऐक. ऐंशी-एक्क्याऐंशी साल असेल, आम्ही घाटकोपरला राहायचो. माझ्या मनूच्या पाचव्या वाढदिवसाला मी कुकरमध्ये केक केला, तर तो वरून तडकला. पाहुणे दारात! मी रांगोळीचा नवाकोरा छाप केकवर धरला आणि त्यातून पिठीसाखर भुरभुरवली. लक्ष्मीची पावलं काय झकास उमटली!

मनूने सुरी उचलली, तोच सासरे ओरडले, "थांब! लक्ष्मीवर सुरी चालवतेस?"

पोर रडवेली झाली. म्हटलं, लागली वाट.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, लक्ष्मी आत यावी म्हणूनच पावलं काढतो ना आपण? मग येऊ दे की पोटात!"

सासऱ्यांनी केकला नमस्कार केला आणि म्हणाले, "मग पहिला तुकडा मला."